बुरूज तुझा, खर्च कुणाच्या नावावर?

आदरणीय बाई,

माझं वय ३२. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात उद्यमबागेत, एका फाउंड्रीच्या क्वालिटी खात्यात. २०१९ मध्ये मी बाप्तिस्मा घेतला. घरात मी एकटाच विश्वासी. वडील २०२१ मध्ये गेले. आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी असे आम्ही आहोत.

प्रभूच्या मागे चालायचं तर किंमत द्यावी लागते हे ठाऊक होतं, पण आता जड व्हायला लागलंय. मार्गशीर्षातल्या पुनवेला आईला सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगराला जायचं होतं. 'गाडीनं सोड की रे' म्हणाली. मी म्हटलं, मूर्तीच्या दारात माझी गाडी जाणार नाही. ती भावकीतल्या बायकांबरोबर बसने गेली, तापाने फणफणून परत आली आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलते. पगाराचा दशांश मी चर्चला न चुकता देतो, तर बायको म्हणते, 'पोरीची फी कुणी भरायची?' गणपतीची वर्गणी दिली नाही, प्रसाद घेतला नाही, म्हणून मंडळाची पोरं 'काय पास्टर' अशी हाक मारतात. एकजण म्हणाला, 'आता तू कुठला मराठी?' अनगोळात एकाच्या खोलीवर आम्ही पाच-सहा जण प्रार्थनेला जमतो, त्याची तक्रार करीन म्हणूनही त्याने दम दिला. काका म्हणतात, शेतातला तुझा वाटा संपला.

आईबापाचा द्वेष केल्यावाचून माझा शिष्य होता येणार नाही, असं प्रभू म्हणालाच आहे. हा माझा वधस्तंभच ना, बाई? माझं बरोबर आहे ना?

ता. क. कंपनीत थोडं ॲडजस्ट करावं लागतं. ब्लोहोलवर पुट्टी मारलेला माल ओके करून सोडावा लागतो. हार्डनेस न बघता आकडे भरावे लागतात. सही माझी असते, पण तो मालकाचा विषय, म्हणून वर लिहिलं नाही.

– एक वाचक

*

वयाने तू माझ्या शाळेतल्या पोरांएवढा, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

ताज्या कलमापासून सुरुवात करू. जन्मभर वह्या तपासल्यामुळे मला एक खोड लागली आहे. पोरगं कोपऱ्यात बारीक अक्षरात जे लिहितं ते मी आधी वाचते.

तू आईला डोंगराला नेलं नाहीस, वर्गणी दिली नाहीस, प्रसाद घेतला नाहीस. ह्या सगळ्याची किंमत मी भरली, असं तुझं म्हणणं. ती खरी कुणी भरली ते पुढे बघू. पण तुझ्या सबंध पत्रात एकच जागा अशी आहे जिथे येशूच्या मागे चालण्याचा खर्च सरळ तुझ्या खिशातून जाणार होता. तिथे 'मालकाचा विषय' असं लिहून तू हात झटकलेस.

माझा धाकटा भाऊ ह्याच धंद्यात म्हातारा झाला, त्यामुळे तुमच्या कामाची थोडी माहिती आहे. तुमच्याकडे काय ओततात ते तू लिहिलेलं नाहीस. समज, पंपाचं केसिंग आहे. ओतताना गॅस अडकला, अंगात पोकळी राहिली, तोच तुमचा ब्लोहोल. माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला ती दिसली. त्याने पुट्टी भरली, घासली, वरून रेड ऑक्साइड मारला. आता ती तुला दिसत नाही, गिऱ्हाइकालाही दिसणार नाही. त्याच्या मशिनवर टूल लागलं आणि भोक उघडं पडलं तर माल परत येईल, शिव्या बसतील, विषय संपेल. पण उघडं पडलं नाही तर तो पंप अथणीकडे नाहीतर चिकोडीकडे कुणाच्या तरी उसाला कृष्णेचं पाणी उचलायला जाऊन बसेल आणि ऐन मे महिन्यात पाझरायला लागेल. त्या शेतकऱ्याला तुझं नाव कळणार नाही. रिपोर्टवर मात्र ते आहे. आणि हार्डनेसचा आकडा तर तू न बघता भरतोस, म्हणजे बहुधा मागच्या हीटचा, मागच्या वितळणीचा, उतरवत असशील. ते तडजोडीत कुठे बसतं? ती सरळ खोटी साक्ष आहे. दहा आज्ञांत तिच्यासाठी वेगळी ओळ आहे.

बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले आणि विचारायला लागले, आम्ही काय करावं? लूकच्या तिसऱ्या अध्यायात त्याचं उत्तर आहे. त्याने कुणालाही नोकरी सोडून रानात ये म्हटलं नाही. जकातदाराला सांगितलं, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नकोस. शिपायाला सांगितलं, कुणाला लुबाडू नकोस, पगारात भागव. जो तो ज्या टेबलावर बसतो त्याच टेबलावरचं काम त्याने दाखवलं. तुझ्या टेबलावर इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे.

तेव्हा असं कर. उद्यापासून जेवढं मोजशील तेवढंच लिही. वेळ मिळाला नाही, हार्डनेस बघितला नाही, तर रकाना रिकामा ठेव किंवा 'तपासलं नाही' असं लिही. त्याची कुठे घोषणा करू नकोस. 'मी ख्रिस्ती आहे म्हणून' हे वाक्य तर शॉपवर अजिबात उच्चारू नकोस. न मोजलेला आकडा लिहायचा नाही, हे कळायला कुठलाच धर्म लागत नाही. तुझ्या खात्यातल्या एखाद्या वारकऱ्यालाही ते तुझ्याआधी कळलेलं असेल.

मग मालकाला केबिनमध्ये एकट्याला भेट. चारचौघांत नको. जाताना हिशेब घेऊन जा. गेल्या सहा महिन्यांत किती माल परत आला, आणण्या-नेण्याचं भाडं किती गेलं, पुन्हा वितळवायला काय पडलं. मालक लोकांना उपदेशापेक्षा आकडा लवकर समजतो. आणि नुसतं 'होणार नाही' म्हणून उठू नकोस, वाटही दाखव. कास्टिंगमध्ये दोष राहतोच, प्रत्येक भोक म्हणजे पाप नव्हे. जिथे दाब येत नाही, मशिनिंग होत नाही, अशा जागेवरचा दोष गिऱ्हाईक पुष्कळदा चालवून घेतं. त्याच्याकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे सवलत, मागता येतं, दुरुस्तीची परवानगी मागता येते. तेच भोक, तीच पुट्टी, पण गिऱ्हाइकाला सांगून. फरक तेवढाच आहे. जो लॉट अजून गोडाऊनमध्ये आहे तो होल्डवर टाक. जे लॉट न तपासता गेले त्यांची यादी मालकाला ईमेलने दे. गिऱ्हाइकाला कळवायचं की नाही ते तो ठरवील, पण आपल्याला माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय त्याला राहू देऊ नकोस.

एवढं करूनही तो म्हणाला, सही कर नाहीतर घरी जा, तर? मग तू ज्या अध्यायातलं वचन लिहून पाठवलंस तोच अध्याय दोन ओळी पुढे वाच. लूक १४. आईबापाचं वाक्य संपलं की लगेच बुरुजाची गोष्ट येते. बुरूज बांधायचा असेल तर आधी खाली बसून खर्चाचा अंदाज कर, नाहीतर पाया घालून पैसे संपतील आणि लोक हसतील. तेव्हा खरोखरच खाली बस. गाडीचा हप्ता, किराणा, फी, आईची औषधं, सगळं मांड. हातात किती महिन्यांचं आहे ते बघ. आजपासून दुसरीकडे विचारायला सुरुवात कर, राजीनाम्याची वाट बघू नकोस. उद्यमबाग आहे, मच्छे आहे, आणि अंगावर येऊन पडलंच तर कोल्हापूरचं शिरोली आणि गोकुळ शिरगाव आहे. तिथेही भट्ट्या पेटतात आणि तिथेही आकडे खरे लिहिणारा माणूस लागतो. हा हिशेब बायकोला शेजारी बसवून कर. पगार थांबला तर चूल तिला चालवायची आहे.

ह्याला मी किंमत म्हणते. ती दिलीस तर मंडळातल्या कुणालाही कळणार नाही, चर्चमध्ये त्यावर साक्ष द्यावी असंही त्यात काही नाही.

आता आई.

यल्लम्माच्या डोंगराची मार्गशीर्षातली पुनव म्हणजे कुठली ते तुला माहीत आहे. आपल्याकडे तिला रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी जमदग्नीचा वध झाला आणि रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, विधवा झाली, म्हणून तिथे बांगड्या फोडतात. तुझे वडील २०२१ मध्ये गेले. तुझ्या आईला वर्षातले सगळे दिवस सोडून नेमक्या त्याच दिवशी सौंदत्तीला का जावंसं वाटलं असेल, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही का? तिला परडी भरायची असेल, नवस असेल, मला माहीत नाही. पण जी देवी त्या दिवशी तिच्यासारखीच होते तिच्या दारात बायकांच्या गर्दीत उभं राहून तिला रडायचं असेल, एवढं मला दिसतं. घरात तिला रडायला जागा आहे का? तुझ्याबरोबर बसून वडिलांची आठवण काढायची तर तू श्राद्धाला नाही म्हणालास की शांत बसलास, तेही तू लिहिलेलं नाहीस.

तिने तुला पूजा कर म्हटलं नाही, भंडारा लाव म्हटलं नाही. गाडीनं सोड म्हणाली.

नामान ह्या अरामी सेनापतीची गोष्ट तू ऐकली असशील, राजांचं दुसरं पुस्तक, पाचवा अध्याय. संडे स्कूलमध्ये ती यार्देनेत सात बुड्या मारून कोड गेलं इथे थांबवतात. पुढचं फार कमी पाळक सांगतात. बरा झाल्यावर नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, आजपासून मी दुसऱ्या कुठल्याही देवाला होम करणार नाही. पण एक अडचण आहे. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात दर्शनाला जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, आणि तो वाकला की मलाही वाकावं लागतं. तेवढं परमेश्वराने मला क्षमा करावं. अलीशा हा काही नरम माणूस नव्हता. त्याने नामानाला व्याख्यान दिलं नाही, नोकरी सोड म्हटलं नाही. 'शांतीने जा' म्हणाला.

नामानाचा धनी राजा होता. तुझी तर आई आहे, आणि पुनवेच्या गर्दीत पायऱ्या चढताना तिला हात लागतो.

तुझे पाळक कदाचित वेगळं सांगतील. मूर्तिपूजेच्या ठिकाणी पाऊलही टाकू नये असं मानणाऱ्या मंडळ्या आपल्याकडे आहेत, आणि त्यातली माणसं लबाड नाहीत, मनापासून मानतात. तुझं मन खरंच आत जाऊ देत नसेल तर आत जाऊ नकोस. गाडीतळावर थांब. पण शंभरेक किलोमीटर बसच्या गर्दीत तिला पाठवलंस ती तुझी निष्ठा, आणि ताप आला तिला. 'मी किंमत भरली' असं लिहिताना हे तुझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. द्वेषाचं ते वाक्य ज्याचं आहे त्याने वधस्तंभावर खिळलेला असताना आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं, योहान १९. त्या घटकेला दुसरं काही सुचणं कठीण असतं, पण तिची सोय त्याला सुचली. ते वाक्य ह्या प्रसंगाच्या उजेडात वाचावं लागतं. देवाच्या आणि आईच्या मधे कधी निवड करायची वेळ आली तर देव, हा त्याचा अर्थ. तुझ्यावर ती वेळ आलेलीच नव्हती. तिने फक्त गाडी मागितली होती.

तेव्हा तिच्यापाशी जाऊन बस आणि म्हण, 'आई, मी गाडी द्यायला हवी होती. पुढच्या पुनवेला मी नेतो.' एवढंच. 'पण मी आत येणार नाही' हे त्याच दमात जोडू नकोस, ते तिला ठाऊक आहे. गाडीत जाताना वचनं सांगू नकोस, मोबाइलवर भक्तिगीतं लावू नकोस. जोगुळभावीच्या कुंडापाशी थांब म्हणाली तर थांब. आणि परत येताना वडिलांबद्दल तिला बोलू दे.

बायकोचं प्रकरण मला जास्त नाजूक वाटतं. आईला निदान आपली बाजू आहे, देव आहे, भावकी आहे. तुझी बायको एका घरात लग्न करून आली आणि काही वर्षांत त्या घराचे नियमच बदलले. तिला कुणी विचारलं?

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. ताटातूट झाली, आजारपणं झाली, नातेवाइकांनी दोन्हीकडून ओढलं. टिळकांच्या निर्णयाची किंमत टिळकांनी भरली तशीच लक्ष्मीबाईंनीही भरली, फरक एवढाच की निर्णय त्यांचा नव्हता. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण आपल्या पायांनी, आपल्या डोक्याने विचार करून. टिळक मोठे कवी होते म्हणून आपण हे सगळं आदराने वाचतो. ती दोघं आपल्या गल्लीत राहत असती तर आपण बाईंच्या बाजूने भांडलो असतो. मी तरी भांडले असते.

म्हणून तिला चर्चला ओढू नकोस. प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात स्पष्ट लिहिलं आहे, बायको विश्वास न ठेवणारी असली आणि नांदायला राजी असली तर तिला सोडू नये. तिने विश्वास ठेवेपर्यंत तिच्या मागे लागावं, असं मात्र तिथे लिहिलेलं नाही.

दशांशाचं बोलू. देणं चांगलं, नियमाने देणं त्याहून चांगलं. पण मार्कच्या सातव्या अध्यायात येशू कुणावर चिडला आहे ते बघ. आईबापांना द्यायचं ते 'देवाला वाहिलं' असं सांगून हात वर करणाऱ्यांवर. मुलीची फी थकलेली असताना दानपेटीत पडणाऱ्या पाकिटाबद्दल त्याने काय म्हटलं असतं ते तू मला सांगायची गरज नाही आणि मी तुला. पगार तुझ्या नावावर जमा होतो, पण घर दोघांच्या जिवावर चालतं. तेव्हा रक्कम तिच्यासमोर ठरव. ती म्हणाली, दहावा नको, विसावा दे, तर विसावा दे आणि उरलेलं तुझ्या एकट्याच्या खर्चातून काढ. मोबाइलचा हप्ता तुझा, उद्यमबागेतला रोजचा चहा-मिरची भजी तुझी. तिथे हात आखडलास तर ते तुझं देणं होईल. सध्या जे चाललंय त्यात अर्धं दान ती करते आणि पावती तुझ्या नावाची फाटते.

(पाळकांना हे आवडणार नसेल तर त्यांना माझ्याकडे पाठव. चांगल्या पाळकाला ते आवडेल.)

मंडळाचं मी फार मनावर घेत नाही. प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांना तीन अध्याय लिहिले आहेत. त्यात खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला दोघांनाही ऐकवलं आहे. तुझं मन नको म्हणतं तर नको घेऊस. पण हात जोडून, हसून 'मला नको रे' म्हणता येतं, प्रवचन दिलंच पाहिजे असं नाही. वर्गणी द्यायची नसेल तर रक्तदान शिबिराला जा, विसर्जनाच्या दिवशी पाण्याचे ड्रम भरायला जा. लहानपणापासून ज्या पोरांबरोबर वाढलास ती दुखावली ती वर्गणीच्या दोनशे रुपयांसाठी नव्हे. आपल्यातला एकजण आता आपल्याकडे वरून बघतो, असं त्यांना वाटलं. 'पास्टर' ही हाक, खरं सांगू, मला थोडी गमतीची वाटते. ओ द्यायला शीक.

'आता तू कुठला मराठी' ह्याचा मात्र मलाही राग आला. एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्यांत आपल्या मंडळीतलीही माणसं असतात. इथे मराठी म्हणून थोडके आणि मराठीत ख्रिस्ती म्हणून त्याहून थोडके, असं आपलं दोन्हीकडून आहे. त्या पोराला विचार, बाबा पदमनजींचं नाव ऐकलंयस का? मराठीतली पहिली कादंबरी लिहिण्याचा मान बहुतेक जण ज्यांना देतात ते गृहस्थ १८३१ मध्ये ह्याच बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये ह्याच बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडन मिशनचं काम इथे १८२० पासून होतं. म्हणजे बेळगावचा मराठी ख्रिस्ती हा सीमावादाच्या कितीतरी आधीचा आहे. पण हे भांडणात सांगू नकोस, चहा पिताना सांग.

तक्रारीच्या धमकीला घाबरू नकोस आणि फुशारकीही मारू नकोस. कर्नाटकाच्या धर्मांतरविरोधी विधेयकाला डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने मंजुरी दिली ती इथेच, आपल्या सुवर्ण विधानसौधात. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं, ही बातमी तू वाचली असशील. त्यात बोट आहे ते बळजबरी, फसवणूक, आमिष, लग्नाचं वचन अशा मार्गांनी होणाऱ्या धर्मांतरावर. पाच-सहा जणांनी बसून गाणी म्हणणं, प्रार्थना करणं हे धर्मांतर नव्हे, आणि संविधानाचं कलम २५ तुलाही आहे. एवढं सांभाळ: प्रार्थनेला आलेल्या कुणालाही पैसे, औषध, नोकरी ह्यातलं काही देऊ नका, द्यायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, प्रार्थनेचा संबंध न ठेवता. घरमालकाला आधी सांगा. ज्याची खोली आहे त्याची लेखी संमती असू द्या. ढोलकी रात्री नऊनंतर नको, हे कायद्यासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी. आणि एका वकिलाचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू दे.

राहिलं शेत. इथे काकांचं निम्मं खोटं आहे आणि निम्म्याची तुला कल्पनाच नाही. धर्म बदलला म्हणून मुलाचा वारसा जात नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या वाट्यात तू आणि आई दोघंही वारस आहात, भावंडं असतील तर तीही. उताऱ्यावर वारसा नोंद झाली आहे का ते आधी बघ. २०२१ पासून आजपर्यंत ती कुणी केली नसेल तर खरी चूक तिथे आहे. खानापूरला जाऊन अर्ज दे.

पण हिंदू वारसा कायद्याचं कलम २६ म्हणून एक आहे, ते तुझ्या मुलीबद्दल आहे. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारसा मिळत नाही, वारसा खुला होताना ती मुलं हिंदू असतील तरच मिळतो. तू २०१९ मध्ये बाप्तिस्मा घेतलास, मुलगी त्यानंतरची. तुझ्या नावावर जे असेल ते तिला मिळेलच. पण उद्या आईच्या आधी तुझं काही बरंवाईट झालं, तर आजीच्या वाट्यावर नातीचा हक्क सांगायला अडचण येऊ शकते. बुरुजाचा खर्च म्हणतात तो हा. चार वर्षांच्या पोरीच्या नावावर तो पडलाय आणि घरात कुणाला पत्ता नाही. ह्यावर उपाय सोपा आहे. आईने मृत्युपत्र करून आपला वाटा नातीला दिला तर हे कलम आड येत नाही. दिवाणी काम करणाऱ्या वकिलाला उतारा दाखवून हे सगळं नीट विचारून घे.

मृत्युपत्राचा विषय मात्र आईकडे लगेच काढू नकोस. आधी तिला डोंगराला ने, मग महिना-दोन महिने जाऊ देत. आणि गाडीत तर मुळीच नको.

– बाई